“सुपारीचंसुद्धा व्यसन न्हाई त्याला”

“सिस्टर, सुपारीचंसुद्धा व्यसन न्हाई माझ्या पोराला. रोज जिमला जातोय ओ,” मावशी पुन्हा पुन्हा हेच सांगत होत्या.

सांगलीतल्या एका रुग्णालयात कॅज्युअल्टीला माझी संध्याकाळची ड्युटी होती. विशीतला, कमावलेल्या अंगाचा मुलगा. छातीत धडधड, घामानं निथळलेला. नाडी 148, बीपी 190/110. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, झोप कित्येक रात्री नाही. पडद्यामागं कुणीतरी उभं आहे म्हणून सारखा वळून बघत होता. ईसीजीसाठी शर्ट काढायला तयार नव्हता. कशीबशी बाही वर केली, तर कोपराच्या आत शिरेवर टोचल्याच्या खुणा. काही ताज्या, काही काळ्या पडलेल्या.

मावशींना बाहेर बसवलं. “काय घेतोस ते सांग बाळा. पोलिसांसाठी विचारत नाही, डॉक्टरांना औषध ठरवायला लागतं.” बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “मेफेन्टरमीन.”

हे इंजेक्शन ऑपरेशन थिएटरमधलं. कमरेत भूल दिल्यावर रक्तदाब पडला तर तो वर आणायला देतात. हा मुलगा चांगल्या बीपीवर ते शिरेत घेत होता, व्यायामाला जोर यावा म्हणून. 2024 मध्ये सांगलीजवळ कुपवाडला मेफेड्रोन या दुसऱ्याच नशेच्या ड्रगचा साठा सापडला तेव्हापासून आपल्याकडं ड्रग्जची चर्चा खूप होते. पण ही छोटी बाटली घरच्यांच्या लक्षातच येत नाही. तोंडाला वास नाही, झोकांड्या नाहीत, उलट पोरगं तब्येत करताना दिसतं. म्हणून मी आता प्रत्येक आईला सांगते: रात्रीची जागरणं, विनाकारण संशय, भडकणं, भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्या, पैशांची सततची मागणी दिसली, तर मुलाजवळ बसा आणि सरळ विचारा.

त्या रात्री नाडी उतरली. खरं अवघड पुढं होतं. इंजेक्शन बंद झाल्यावर दिवसदिवस झोप, अंगात त्राण नाही, मन पार खचलेलं. या काळात जीव द्यायचे विचार येऊ शकतात, म्हणून मानसोपचार डॉक्टरांनी त्याला एकटं सोडू नका असं बजावलं. दारूसाठी डायसल्फिराम आहे, ब्राऊन शुगरसाठी ब्युप्रेनॉर्फिन आहे. या व्यसनाला तशी गोळी नाही. समुपदेशन, वेळेवर झोप आणि ती संगत तोडणं, यावरच सगळी भिस्त. त्यानं ती जिम सोडली, सकाळी कृष्णाकाठी पळायला लागला.

काही महिन्यांनी जुना मित्र भेटला आणि त्यानं पुन्हा एकदा टोचून घेतलं. दुसऱ्या दिवशी मायलेक दोघं ओपीडीत आले. “सगळं वाया गेलं की ओ सिस्टर,” मावशी रडायला लागल्या.

मला तसं अजिबात वाटलं नाही. पहिल्यांदा त्याला धरून आणावं लागलं होतं. या वेळी तो आपणहून आला होता, आईला स्वतः सांगून, आणि किती घेतलं, कुणाबरोबर घेतलं, हे त्यानं न विचारता सांगितलं. मावशींना मी हेच समजावलं. व्यसनमुक्तीची 14446 ही मोफत हेल्पलाइन त्याच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून दिली. डॉक्टरांनी महिन्याची तपासणी आठवड्यावर आणली, आणि जुन्या मित्राचा नंबर त्यानं आमच्यासमोरच ब्लॉक केला.