पहिला विसावा अनगडशहांच्या दारी

माझी आजी वारीला निघाली की घरातून थेट एसटी स्टँडवर कधीच गेली नाही. आधी शेजारच्या तांबोळ्यांच्या दारात जायची. तिथली म्हातारी तिची मैत्रीण. "येते गं," एवढंच आजी म्हणायची. म्हातारी तिच्या हातावर रुपया-दोन रुपये ठेवायची, "माझ्या नावानं वाहा." पंढरपूरहून आणलेल्या चुरमुऱ्यांचा पुडाही आधी तांबोळ्यांकडेच सुटायचा, मग आमच्याकडे. आम्हा मुलांना त्याचा राग यायचा. दोघी आता नाहीत. यंदा मी देहूहून पुण्यापर्यंत चालायचं ठरवलं, तेव्हा तांबोळ्यांच्या सूनबाईंनी हाक मारून थांबवलं आणि अकरा रुपये दिले. दहाची नोट आणि वर एक रुपया. म्हणाल्या, "सासूबाईंच्या नावानं. विठोबाला."

ते अकरा रुपये घेऊन मी देहूला पोचले. ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखीचं प्रस्थान होतं, पण पहिला मुक्काम गावातच, इनामदार वाड्यात. खरी वाटचाल अष्टमीला सुरू होते. रात्री इंद्रायणीच्या घाटावर बसून राहिले. रामेश्वरभटांनी याच नदीत तुकोबांच्या अभंगांच्या वह्या बुडवायला लावल्या, ही गोष्ट आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. पण त्याच रामेश्वरभटांमुळे तुकोबांना एक फकीर मित्र मिळाला, ही पुढची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. मला तीच जास्त जवळची वाटते.

संतांची चरित्रं लिहिणाऱ्या महिपतीबुवांनी 18व्या शतकात ती सांगून ठेवली आहे. वाघोलीचे रामेश्वरभट पुण्याला नागनाथाच्या दर्शनाला आले आणि वाटेत अनगडशहा फकिराच्या जागेतल्या पाण्यात उतरून अंघोळ केली. फकीर संतापला, शाप दिला. भटांच्या अंगाचा असा दाह सुरू झाला की काही केल्या शमेना. आळंदीला ज्ञानोबांच्या समाधीपाशी ते अनुष्ठानाला बसले. तिथे दृष्टांत झाला : तुकोबांना शरण जा. तुकोबांनी उत्तरादाखल अभंग लिहून पाठवला. चित्त शुद्ध असेल तर शत्रूही मित्र होतात, असं सांगणारा. तो वाचला आणि दाह निवाला.

आपला शाप कुणी उतरवला, हे पाहायला अनगडशहा देहूला आले. हातात कटोरा, कुणीही कितीही भिक्षा घातली तरी न भरणारा. तुकोबांच्या घरात तेव्हा काय असणार? त्यांच्या लेकीने चिमूटभर पीठ आणून टाकलं आणि कटोरा भरून वाहू लागला. फकिराने हात जोडले.

या कथेत मला चमत्काराहून ते चिमूटभर पीठ मोठं वाटतं. परीक्षा घ्यायला आलेल्या माणसाला दारातून रिकामं पाठवायचं नाही, ही त्या घराची रीत होती आणि ती लेकराच्याही हातात उतरली होती. दोघांची नमाज-पूजा वेगळी, भाषाही थोडी वेगळी. पण तुकोबांच्या गाथेत हिंदुस्तानी पदं आहेत, त्यांत अल्लाचं नाव आहे. ती वाचताना मला नेहमी वाटतं, अशी पदं लिहिणाऱ्या माणसाची फकिरांबरोबर ऊठबस असणारच.

अष्टमीच्या सकाळी पालखी वाड्यातून निघाली. टाळ, वीणा, पखवाज, डोक्यावर तुळशीवृंदावनं घेतलेल्या बाया. "ज्ञानोबा-तुकाराम"चा गजर एवढा की शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी वाकावं लागत होतं. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी 1685 साली तुकोबांच्या पादुका पालखीत घेऊन, आळंदीहून ज्ञानोबांच्या पादुका सोबत घेऊन हा सोहळा सुरू केला. गाव सुटतं न सुटतं तोच पालखी थांबली. अनगडशहाबाबांचा दर्गा. पंढरीच्या वाटेवरची पहिली अभंग-आरती इथे होते.

मी हे वाचलेलं होतं. तरी प्रत्यक्ष पाहताना घसा दाटून आला. गजर थांबला, अभंग सुरू झाला. बुक्क्याचा वास आणि लोभानाचा धूर एकाच वाऱ्यावर येत होते. वारकरी पालखीपाशी वाकत आणि तसेच दर्ग्याकडे वळून हात जोडत. कुणाला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. टोपी घातलेली दोन पोरं पाण्याचे पेले भरून देत होती. "घ्या माउली, घ्या माउली," असं म्हणत. वारीत सगळेच माउली, हे त्यांना शिकवावं लागलं नव्हतं.

मला आजीचं "येते गं" आठवलं. तुकोबाही पंढरीला निघताना मित्राच्या दारात थांबून तेवढंच सांगतात.

आरती झाली, दिंड्या आकुर्डीच्या दिशेने हलल्या. अकरा रुपये दर्ग्यात ठेवावेत असं क्षणभर मनात आलं. पण सूनबाईंनी विठोबाला म्हणून दिले होते, आणि मी तर पुण्यातूनच परतणार होते. शेजारी परभणीकडची एक म्हातारी चालत होती, थेट पंढरपूरला जाणारी. तिला विचारलं, "मावशी, एवढे वाहाल का देवाला?"

"वाहीन की. कुणाच्या नावानं म्हणू?"

मी तांबोळ्यांच्या म्हातारीचं नाव सांगितलं. मावशीने विसरू नये म्हणून ते दोनदा तोंडात घोळवलं, पैसे पदराच्या टोकाला गाठीत बांधले आणि पुन्हा टाळ हातात घेतला.