तुम्ही विचारलंत म्हणून: दोन स्पीकरांतला चांगला कुठला?

बुकशेल्फ (फडताळावर मावणाऱ्या छोट्या) स्पीकरच्या दोन जोड्या घरी आणल्या की आठवड्याभरात मला विचारणा होते, "एकदा ही बरी वाटते, एकदा ती. ठरवायचं कसं?" माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: दोन्हींचा आवाज सारखा ठेवला होतात का?

बहुतेकांनी ठेवलेला नसतो. एका स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (म्हणजे तेवढ्याच विजेवर तो किती मोठा वाजतो) 85 डेसिबल आणि दुसऱ्याची 88 असली, तर व्हॉल्यूमचं बटण जागचं न हलताही दुसरा तीन डेसिबल मोठा वाजतो. गंमत अशी की फरक एखाद्या डेसिबलचाच असला तर कानाला तो 'मोठा' वाटतच नाही. 'मोकळा', 'जिवंत' वाटतो. शिवाय आवाज वाढला की खर्जही जास्त भरल्यासारखा होतो. कानाची ही खोड फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच मोजून ठेवली आहे. म्हणून पिंक नॉइज (सगळे सूर मिसळलेला एकसारखा खळखळाट) लावा, मोबाइलवरचं डेसिबल मोजणारं अ‍ॅप तुमच्या कानाच्या जागी धरा आणि प्रत्येक स्पीकरसाठी बटणापाशी चिकटपट्टीची एकेक खूण करा. मोबाइलचा आकडा अचूक नसेना का, आपल्याला फक्त फरक मिटवायचाय.

आता जोड्या बाजूला ठेवा आणि प्रत्येकीतला एकच स्पीकर घ्या. एक डाव्या चॅनेलला, दुसरा उजव्या, दोघे शेजारी शेजारी, ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) कानाच्या उंचीवर. मोनो (दोन्ही चॅनेलांत एकच आवाज असलेलं) रेकॉर्डिंग लावून बॅलन्सचं बटण इकडून तिकडे फिरवा, व्हॉल्यूम आपापल्या खुणेवर आणा. स्टिरिओचा पसारा बरेच दोष झाकतो. एकट्या स्पीकरमध्ये ते उघडे पडतात, हे कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी केलेल्या चाचण्यांतही दिसलं होतं. वायरी बदलत बसलात, तर पहिला कसा वाजत होता हे तोवर कान विसरलेला असतो.

ऐकायचं काय? लोक धडाडधूम गाणी लावतात. मी पुरुषाच्या आवाजातलं साधं वाचन लावतो. माणूस पिंपात तोंड घालून बोलतोय असं वाटलं तर खर्जाच्या वरच्या भागात फुगवटा आहे. प्रत्येक 'स' आणि 'श' टोचू लागला तर तिखटपणा वरच्या पट्टीत आहे. असा स्पीकर दुकानात चमकदार वाटतो आणि घरी तासाभरात नकोसा होतो.

मग दोघांच्या जागा बदलून पुन्हा ऐका. खालचे सूर बरेचसे खोलीच्या हातात असतात: चार मीटर लांबीच्या खोलीत 43 हर्ट्झच्या आसपासचा सूर कुठे फुगतो, कुठे गायब होतो. जागेबरोबर निकालही उलटला, तर तो निकाल जागेचा होता.

आणि जमलं तर समोर पातळ कापड टांगा, बटण दुसऱ्या कुणाला फिरवू द्या. स्पीकर बनवणाऱ्या हार्मन कंपनीत संशोधक शॉन ऑलिव्ह यांनी 1994 मध्ये तेच स्पीकर कर्मचाऱ्यांना पडद्याआड आणि समोर ठेवून ऐकवले, तेव्हा गुण बदलले होते. (ते तर रोज स्पीकरमध्येच वावरणारे!) पडद्याआड फरक कळलाच नाही, तर स्वस्तातली जोडी ठेवा.

निवडलेली जोडी स्टिरिओत लावताना लाल-काळ्या वायरी तपासा. एका बाजूची उलटी लागली तर खर्ज पातळ होतो, मधला गायक कुठूनच येत नाही, आणि मग मला पुन्हा फोन येतो.