फिनलंडमध्ये भाव विचारायचा तर

फिनलंडमध्ये भाव विचारायला जागा शोधावी लागते. मंडईत वाढलेल्या माणसाला ही अडचणच. सुपरमार्केटात प्रत्येक वस्तूखाली किंमत, तिच्या शेजारी बारीक अक्षरांत किलोचा किंवा लिटरचा दर. मोठा डबा स्वस्त पडतो की लहान, हे उभ्या उभ्या कळतं. कर त्यातच धरलेला. थंड पेयाच्या कॅनखाली आणखी एक आकडा असतो, 0,15 (दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम, याची डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो). ती ‘पान्त्ती’, म्हणजे कॅनची अनामत. रिकामा कॅन दुकानातल्या मशीनमध्ये टाकला की पंधरा सेंट परत. फळंसुद्धा आपणच काट्यावर ठेवायची, त्या फळाचा नंबर दाबायचा, स्टिकर निघतो तो चिकटवायचा. विचारायचं काय आणि कोणाला?

आणि मी तर वाक्य पाठ करून गेले होते. ‘पाल्योन्को तॅमॅ माक्सा?’ हे केवढ्याला? फिनिश लिहितात तशीच उच्चारतात आणि जोर कायम पहिल्या अक्षरावर, त्यामुळे देवनागरीत लिहून घेतलं की वाक्य बिनचूक म्हणता येतं. भावाचं घर हेलसिंकीशेजारच्या एस्पोला आहे. त्याची मुलगी तिथल्या बालवाडीत जाते, तिची परीक्षा घ्यायला मी आकडे म्हणून दाखवले. युक्सी, काक्सी, कोल्मे, नेल्यॅ, वीसी, कूसी... ती हसायलाच लागली. “आत्या, एवढं पूर्ण कोणी नाही म्हणत. युक्स, काक्स म्हण. आणि कोणी ‘वीस’ म्हटलं ना, तर ते पाच असतात हं!”

हा सल्ला सोन्यासारखा निघाला. पुस्तकात पाचाला ‘वीसी’, बोलण्यात शेवटचा स्वर गळतो आणि राहतो चक्क आपला ‘वीस’.

तसे फिनिश आकडे सरळमार्गी आहेत. दहापर्यंत शिकलात की पुढे नुसतं जोडकाम. वीस म्हणजे ‘दोन-दहा’, एकोणसाठ म्हणजे ‘पाच-दहा-नऊ’. आपल्यासारखं शंभरापर्यंत प्रत्येकाचं वेगळं बारसं नाही. पण जोडून जोडून शब्द आगगाडीएवढा होतो: एकोणसाठ म्हणजे वीसिक्युम्मेन्तॅयुहदेक्सॅन. गल्ल्यावर एवढं कोण बोलणार? म्हणून छाटतात. ‘दहांचे इतके’ दाखवणाऱ्या ‘क्युम्मेन्तॅ’चं होतं ‘क्युत्’, पाच युरोच्या नोटेला म्हणतात ‘वितोनेन’, दहाच्या नोटेला ‘क्युम्प्पी’. पुस्तकी फिनिश शिकून गेलेल्याची गोची इथेच होते. प्रश्न सगळ्यांना येतो, उत्तर कळत नाही.

तर जागा. पहिला प्रयोग हेलसिंकीच्या बंदराकाठच्या बाजारात, काउप्पातोरीला. तो फसणारच होता. तिथं सगळे पर्यटक, विक्रेत्यांना चार भाषा येतात, माझं ‘पाल्योन्को’ संपायच्या आत इंग्रजीत उत्तर. वर समुद्रपक्षी लोकांच्या हातातलं आइस्क्रीम पळवायला टपलेले. मग भाऊ म्हणाला, मेट्रोनं सरळ हाकानिएमीला जा.

हाकानिएमीची मंडई 1914 सालची, लाल विटांची दुमजली इमारत. काही वर्षं दुरुस्तीसाठी बंद होती, 2023 मध्ये पुन्हा उघडली. पण जुलैत खरी मजा बाहेरच्या चौकात. स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी, नवे बटाटे आणि शेंगांसकट मटार. हे सगळं लिटरवर विकतात! वजनावर नाही. पत्र्याचं लिटरचं माप ढिगात घालायचं, शिगोशीग भरायचं आणि कागदी पिशवीत रिकामं करायचं. आमच्या गावच्या बाजारात चुरमुरे मापानं मिळायचे, अगदी तसं. शिगेच्या वर विक्रेतीनं एक मूठ आणखी टाकली तेव्हा तर मला बाई ओळखीचीच वाटली.

इथंही पाट्या होत्याच, पण मटारांची पाटी वाऱ्यानं पालथी पडलेली. मी संधी सोडते होय? “मितॅ लित्रा माक्सा?” लिटर केवढ्याला? विक्रेतीनं मान वर केली. “वीस वीसक्युत्.” पाच पन्नास. पाच युरो आणि पन्नास सेंट! ‘युरो’ नाही, ‘सेंट’ नाही, नुसते दोन छाटलेले आकडे, आणि ते मला कळले. “युक्सी लित्रा, कीतोस,” म्हटलं. ‘प्लीज’साठी वेगळा शब्द फिनिशमध्ये नाही, शेवटी धन्यवाद म्हटला की काम भागतं. लोक मटार तिथंच उभ्यानं कच्चे सोलून खातात. पिशवी एस्पोपर्यंत पोचली नाही, हे सांगायला नकोच.

रोख दिलेत तर आणखी एक गंमत. फिनलंडमध्ये एक आणि दोन सेंटची नाणी वापरातच नाहीत. बिल 12,43 झालं तर रोखीत 12,45 द्यायचे, 12,42 झालं तर 12,40. कार्डानं दिलं तर जेवढ्यास तेवढं. सुपरमार्केटच्या कॅशियरशी एवढंच बोलणं होतं: सदस्य कार्ड आहे का, आणि “कुइत्ती?” म्हणजे पावती हवी का. हे दुसरं इतक्या वेळा ऐकू येतं की तो निरोपाचा शब्द वाटावा.

घासाघीस करायची हौस मात्र हेलसिंकीतल्याच हिएतालाहतीच्या जुन्या बाजारात फिटते. अशा बाजाराला म्हणतात ‘किर्प्पिस’. चौकात टेबलं मांडलेली, त्यांवर आजीच्या कपाटातल्या वस्तू. ‘आराबिया’ हा हेलसिंकीत 1873 पासून 2016 पर्यंत चाललेला चिनीमातीचा कारखाना. त्याची कपबशी दिसली नाही असं टेबल विरळा. एका निळ्या किटलीवर बोट ठेवून विचारलं. “साता.” शंभर! आपल्या कानाला सात ऐकू येतात, पण हा शब्द मुळात आपल्याच ‘शत’चा नातेवाईक. हजारो वर्षांपूर्वी इंडो-इराणी बोलींतून फिनिशच्या पूर्वज भाषेनं उचललेला. नात्यातला असला तरी शंभर युरो जास्तच.

“वोइको तिन्किॲ?” कमी होईल का? आपल्याकडे यावर लगेच ‘घरात पडत नाही ताई’ येतं. इथं बाई गप्प. किटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा किटलीकडे. एवढ्या शांततेत मीच पुढचा आकडा बोलून बसले असते. मग ऐंशी म्हणाली आणि विषय संपला. त्यांचा पहिला उतार हाच शेवटचा असतो, पायऱ्या नाहीत.

किटली राहिली. त्याच टेबलावरची एक बशी घेतली, ‘वितोनेन’ला. बाजूच्यांची देवघेव फोनवर चालली होती. तिथल्या ॲपसाठी तिथला नंबर लागतो, म्हणून पाहुण्यानं खिशात सुट्ट्या नोटा ठेवाव्यात. बाईनं पाचाची नोट घेतली, बशी वर्तमानपत्रात गुंडाळली, “मोइ मोइ” म्हणाली, म्हणजे ‘बाय बाय’. ‘कुइत्ती’चं मात्र तिनं विचारलं नाही.