पावसाळ्याने उलटवलेलं टेबल

लक्षद्वीपला काम करते म्हटलं की लोकांना वाटतं रोज पांढरी वाळू आणि नारळपाणी. खरं तर आमचा बहुतेक वेळ उलटं लटकून मेलेल्या प्रवाळाच्या फटीत डोकं घालण्यात जातो, कारण आम्ही प्रवाळाची पिल्लं, म्हणजे तळावर नुकतंच बसलेलं बारीक प्रवाळ, मोजायचो. २०१६ च्या ब्लीचिंगनंतरची (समुद्र तापून प्रवाळ पांढरं पडतं ते) दोनतीन वर्षं म्हणजे कदमत बेटाच्या रीफवर बरंच काही मेलेलं, त्यातही टेबल कोरलची (दांड्यावर सपाट टेबलासारखं पसरणारं प्रवाळ) पार वाट लागलेली, आणि प्रश्न एकच, नवीन पिल्लं येतायत का आणि आली तर टिकतायत का.

येतात कशी ते आधी सांगते. बरेच प्रवाळ वर्षातल्या ठराविक रात्री बीजांड आणि शुक्राणूंच्या गुलाबी गोळ्या पाण्यात सोडतात, त्या वर तरंगतात, फुटतात, फलन होतं, आणि चारपाच दिवसांत तयार झालेला लार्व्हा (पोहणारी अळी) जागा शोधायला खाली येतो. हा एक मिलिमीटरच्या आतबाहेरचा जीव, पण चोखंदळ किती! तळावर सरपटत पुढच्या टोकाने चाचपत फिरतो, गुलाबी कोरलाइन शेवाळाचा पातळ थर मिळाला, त्यावरच्या बॅक्टेरियांचा रासायनिक इशारा मिळाला की बसतो. गाळ असेल तर नको, केसाळ शेवाळ असेल तर नको. एकदा चिकटला की त्याचा पॉलिप (तोंड आणि शुंडकं असलेला बारीक प्रवाळजीव) होतो आणि लगेच खाली चुनखडी घालायला लागतो, मग जागा बदलणं नाही.

त्यातल्या एका वर्षी पावसाळ्याआधी आम्ही एका मोठ्या मेलेल्या टेबलवर काम केलं होतं. संध्याकाळी टॉर्चवर निळा फिल्टर आणि मास्कवर पिवळा लावून गेलो, कारण बऱ्याच पिल्लांच्या अंगात चमकणारी प्रथिनं असतात. आणि टॉर्च फिरवला तर काय, वरच्या बाजूच्या खाचांतून, कडेच्या खालच्या सावलीतून हिरवे ठिपके पेटलेले. एकाच्या तर अगदी जवळ गेले, मध्ये तोंड, भोवती बारीक शुंडकांचं कडं, आणि बाजूला चिकटून दुसरं पिल्लू, दोघांच्या मध्ये नखाएवढीही जागा नाही. आम्ही ॲल्युमिनियमचे टॅग ठोकले, फोटो काढले, रेग्युलेटर तोंडात असतानाही माझा पार्टनर हसतोय हे दिसत होतं. शेजारीच मेलेल्या पोरायटीसचा (धोंड्यासारखं भरीव वाढणारं प्रवाळ) एक ओबडधोबड ढेकूळ होता, त्याच्यावर मोजकीच पिल्लं, त्याचेही टॅग लावले पण मनापासून नाही.

मग पावसाळा, बोटी बंद. समुद्र उघडला तसं पुन्हा उतरलो.

टेबल सापडेचना. जीपीएस बरोबर, पोरायटीसचा ढेकूळ जागेवर, टेबल नाही. मग उताराच्या खाली पार्टनरने बोट दाखवलं, तर ते तिथे पालथं पडलेलं, वरची बाजू वाळूत. टेबल कोरल म्हणजे शेवटी एका दांड्यावर तोललेला चौरंग, आणि जिवंत असताना तो दांडा जाड होत जातो, मेल्यावर उलट, पोखरणारे स्पंज आणि शिंपले आतून खातात, पॅरटफिश बाहेरून खरवडतात, मग पावसाळ्याच्या लाटा आल्या की कडकन् जातो. आम्ही मोजलेली जवळजवळ सगळी पिल्लं त्या वाळूखाली. एका कडेला वर आलेल्या भागावर एकच जिवंत मिळालं, तेही अर्धं पांढरं.

आणि तो ढेकूळ? त्याच्यावरची मोजकीच पिल्लं, पण बरीचशी तिथेच होती, एकदोन तर नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतकी वाढलेली. मला त्याचा रागच आला खरं तर.

चिडचिड अशी की यात पिल्लांची काही चूक नाही. टेबलवर शेवाळ चांगलं, ते वाळूपासून उंच, कडेला सावली, बसायच्या क्षणी जे जे हवं ते सगळं तिथे आहे. खालचा दांडा पोखरलाय हे मिलिमीटरभर लार्व्हाला कळणार कसं. आणि ढासळल्यावर त्या टेबलचा जो चुरा होतो तो आणखी वाईट, लाटेबरोबर इकडून तिकडे लोळतो, त्याच्यावर बसलेलं पिल्लू घासून मरतं. त्यामुळे ‘इतकी इतकी पिल्लं आली, रीफ सुधारतंय’ असं कोणी नुसता आकडा दाखवून सांगितलं की मी आता आधी विचारते, बसलीत कशावर? अगत्ती, कदमत, कवरत्ती मिळून १९९८ ला सुमारे ३७ टक्के असलेलं जिवंत प्रवाळ २०२२ पर्यंत २० च्या आत आलंय. मध्ये पिल्लं येत नव्हती असं नाही.

बोटीवर इक्का (बोटवाले, आम्ही सगळे इक्काच म्हणतो) हिंदीत विचारत होते, मिलं का. मी टेबल पडल्याचं सांगितलं तर म्हणाले, या बाजूची बरीच पडलीत, म्हणून चारा पण कमी मिळतो. त्यांची ट्यूनाची मासेमारी गळ-काठीची, त्याला जिवंत बारीक मासे लागतात आणि ते लगूनमधल्या (रीफच्या आतलं उथळ पाणी) प्रवाळाच्या आडोशाने राहतात, त्यामुळे त्यांना आमच्या मोजणीपेक्षा ती पडझड आधी कळलेली.

संध्याकाळी डेटा भरताना वेगळाच वाद. शीटमध्ये तीनच पर्याय, जिवंत, मृत, सापडलं नाही. उलटलेल्या टेबलवरच्यांना काय लिहायचं? ‘मृत’ लिहिलं तर आजार किंवा शेवाळाने मेल्यासारखं वाटतं, ‘सापडलं नाही’ म्हणजे तर खोटंच, कुठेयत ते आम्हाला नीट माहीत होतं. बराच वेळ भांडून शेवटी नवीन कॉलम टाकला, ‘आधार कोसळला’, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक टॅगच्या पुढे दांड्याची जाडी पण मोजायला लागलो.