खजिन्याची खतावणी : सत्र ९ ते २३

मागची नोंद आठव्या सत्रापाशी थांबली होती आणि तिच्यात मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते की डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या आमच्या गटात खजिन्याच्या वाटणीचा प्रश्न सुटलेला आहे. तो सुटलेला नव्हता. भांडण व्हावे असे काही तोवर हाती लागले नव्हते, एवढेच. गेल्या पंधरा सत्रांत आम्ही वाटणीची पद्धत तीनदा बदलली, एक झालेला सौदा मोडला आणि एका गड्याला कर्जात घातले. त्याचा हा हिशेब आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. सांगलीत विश्रामबागेत एका खेळाडूच्या माडीवर आम्ही दर पंधरा दिवसांनी रविवारी दुपारी बसतो. पाच खेळाडू आणि एक डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट पुढे नेणारे आणि निवाडा देणारे) आहेत, आणि नियम डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्रे घेऊन खेळायच्या कथेच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ सालच्या पुस्तकांतले आहेत. मी क्लेरिक (मंत्र टाकणारा पुजारी) खेळतो आणि गटाची वही सांभाळतो. बाकीच्यांत एक फायटर (लढवय्या) आहे, एक विझार्ड (जादूगार) आहे, एक बार्ड आहे ज्याला आम्ही शाहीर म्हणतो, आणि पाचवी व्यक्ती ज्या वर्गाची आहे त्याचे इंग्रजी नाव देवनागरीत लिहिले की ‘रोग’ असे वाचले जाते, म्हणून वहीत तिची नोंद पहिल्या दिवसापासून ‘चोर’ अशीच आहे.

नाण्यांची वाटणी सोपी होती. आलेल्या रकमेचे सहा वाटे करायचे, पाच खेळाडूंचे आणि सहावा सामाईक गंगाजळीचा. भाग जाऊन जी नाणी उरतील तीही गंगाजळीत टाकायची. दहा तांब्यांचे एक चांदीचे आणि दहा चांदीच्यांचे एक सोन्याचे नाणे हा दर सर्वांना पाठ आहे, त्यामुळे हिशेबात कधी चूक झाली नाही. फक्त नवव्या सत्रात २,४०० तांब्याची नाणी सापडली तेव्हा वजनाचा प्रश्न आला. पन्नास नाण्यांचा एक पौंड या हिशेबाने ते ४८ पौंडांचे ओझे होते आणि त्याची किंमत होती अवघी २४ सुवर्णनाणी. ते फायटरने वाहिले आणि हमाली मागितली. आम्ही ती दिली नाही. या प्रसंगाची आठवण तो अजून करून देतो.

या खेळाच्या १९७४ सालच्या मूळ नियमांत खजिन्यातून अनुभवाचे गुण मिळत, आणि पुढे बरीच वर्षे एका सुवर्णनाण्याला एक गुण हा हिशेब चालला. तिथे वाट्याला सोने कमी येणे म्हणजे पात्राची पातळी वाढायला उशीर होणे, त्यामुळे वाटणीचे भांडण थेट प्रगतीचे भांडण असे. आमच्याकडे पातळी कथेच्या टप्प्यांवर वाढते आणि सोने हे फक्त सोने असते. तरीही वाद झाले, कारण ते सोन्यावरून झालेच नाहीत.

पहिला धक्का अकराव्या सत्रात बसला. फायटर मेला. मेलेल्याला लगेच उठवणारा रिव्हिव्हिफाय हा मंत्र माझ्याजवळ होता, पण त्याला ३०० सुवर्णनाण्यांचा हिरा खर्ची पडतो, आणि गंगाजळीत १९० नाणी असल्यामुळे तो हिरा आम्ही कधी घेऊनच ठेवला नव्हता. मृत्यूनंतर मिनिटभराच्या आत मंत्र टाकावा लागतो; ते मिनिट आम्ही एकमेकांकडे पाहण्यात घालवले. मग शव उचलून शहरातल्या देवळात नेले आणि मृताला जिवंत करणाऱ्या रेझ डेड या मंत्रासाठी ५०० नाण्यांचा हिरा विकत घेतला. गंगाजळी संपवून कमी पडलेली ३१० नाणी आम्ही चौघांनी पदरची घातली, कारण फायटरची थैली नव्या चिलखतापायी रिकामी होती. प्लेट चिलखताची किंमत १,५०० नाणी आहे, ही बाब पुढेही लागणार आहे.

त्या दिवशी विझार्ड खेळणारे आमचे मित्र, जे साताऱ्याहून पहाटेच्या एसटीने येतात आणि इतिहासाचा विषय निघाला की थांबत नाहीत, त्यांनी चौथाईचा दाखला दिला. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्यानंतर शाहू महाराजांच्या दरबारी त्या उत्पन्नाची जी विभागणी ठरली, तिच्यात चौथाईचा चौथा हिस्सा, म्हणजे बाबती, आधी राजाकडे जात असे. मग सहा टक्के सहोत्रा पंत सचिवांकडे, तीन टक्के नाडगौंडा राजाच्या मर्जीने, आणि उरलेला ६६ टक्के ऐन मोकासा फौजा बाळगणाऱ्या सरदारांकडे. त्यांचे म्हणणे असे, की ज्या खर्चावर सगळ्यांचा जीव अवलंबून आहे तो शेवटी उरलेल्यातून करायचा नसतो, तो सर्वांत आधी बाजूला काढायचा असतो. सहोत्रा कोणाला द्यायचा यावर थोडी थट्टा झाली, पण बाबती आम्ही मान्य केली. तेव्हापासून आलेल्या रकमेचा चौथा हिस्सा आधी गंगाजळीत जातो आणि उरलेल्याचे पाच समान वाटे होतात, म्हणजे प्रत्येकाला शेकडा पंधरा. ३०० नाण्यांचा एक हिरा माझ्या झोळीत कायम असतो आणि त्याला कोणी हात लावायचा नाही, असा ठराव वहीच्या पहिल्या पानावर आहे. सर्वांचे सामान वाहणारी बॅग ऑफ होल्डिंगही त्याच पानावर सामाईक म्हणून नोंदलेली आहे.

खरी अडचण जादूच्या वस्तूंची होती. चौदाव्या सत्रापर्यंत ‘ज्याला उपयोग त्याला वस्तू’ असा आमचा प्रघात होता आणि तो कोणाला खटकत नव्हता. एकदा सहज म्हणून मी खतावणी काढली तेव्हा दिसले, की फायटरच्या नावावर प्लस वन (साध्यापेक्षा एका गुणाने सरस) तलवार आणि प्लस वन ढाल आहे, विझार्डकडे पर्ल ऑफ पॉवर, चोराकडे बूट्स ऑफ एल्व्हनकाइंड, आणि शाहिराच्या व माझ्या नावापुढे काहीच नाही. प्रत्येक निर्णय त्या त्या वेळी योग्यच वाटला होता. परंतु उपयोग पाहून वाटणी केली की शस्त्रावर जगणाऱ्याचे पारडे आपोआप जड होते, कारण सापडणाऱ्या वस्तूंत शस्त्रेच जास्त असतात. अट्यूनमेंटची, म्हणजे पात्राने जादूच्या वस्तूशी नाते जुळवण्याची, तीन वस्तूंची मर्यादा यावर उतारा आहे असे काही जण म्हणतात, पण प्लस वन तलवारीला आणि ढालीला अट्यूनमेंट लागतच नाही. पुस्तकातल्या किमती धरून तोल साधावा म्हटले तर तिथे दुर्मीळ वस्तूची किंमत ५०१ ते ५,००० नाणी अशी दिलेली आहे, आणि दहापट अंतराच्या त्या पट्ट्यात ज्याला जे सिद्ध करायचे असेल ते सिद्ध करता येते.

पंधराव्या सत्रात क्लोक ऑफ प्रोटेक्शन सापडला आणि प्रघात कोलमडला, कारण अंगरख्याने मिळणारे संरक्षण पाचही जणांच्या सारखेच उपयोगाचे होते. चोर खेळणाऱ्या ताईंच्या घरी हळदीची अडत आहे. त्यांनी जागच्या जागी उघडा लिलाव पुकारला, आणि २१० नाण्यांत अंगरखा त्यांनाच पडला, कारण दीडशेच्या वर रोख रक्कम दुसऱ्या कोणाजवळ नव्हती. फायटरने ताबडतोब हरकत घेतली. सर्वांच्या पुढे उभे राहून मार खाता यावा म्हणून त्याने चिलखतात पैसा घातला होता आणि त्याचीच शिक्षा त्याला मिळत होती. ज्यांनी काही खर्च केला नाही तेच लिलावात सावकार ठरले होते. मला त्याचे म्हणणे पटले. डीएमने सौदा रद्द केला तेव्हा ताई एवढेच म्हणाल्या, “यार्डात बोली सुटल्यावर असं फिरवता येत नाही हं, दादा.” त्यांचेही खरे होते.

दोन भावांत जमीन वाटताना एकाने वाटे घालायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचे, ही रीत आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. तिथे वाटणीदार पाच नसतात आणि बांध घालता येतो. अंगरख्याचे तुकडे करता येत नाहीत. पोलंडचे गणितज्ञ ह्यूगो स्टाइनहाउस आणि त्यांचे सहकारी ब्रोनिस्वाव क्नास्टर यांनी १९४० च्या दशकात याच प्रश्नाचा विचार केला, आणि न तुटणाऱ्या वस्तूंसाठी क्नास्टर यांनी सुचवलेली बंद बोलीची पद्धत आम्ही सोळाव्या सत्रात त्याच अंगरख्यावर चालवून पाहिली. प्रत्येकाने वस्तू स्वतःला किती मोलाची वाटते ते चिठ्ठीवर लिहायचे, आणि चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. फायटरने ६०० लिहिले, मी ५००, चोराने ४५०, विझार्डने ४०० आणि शाहिराने ३००.

वस्तू पाच जणांची आहे, तेव्हा प्रत्येकाचा रास्त हिस्सा म्हणजे त्याच्या स्वतःच्या आकड्याचा पाचवा भाग : अनुक्रमे १२०, १००, ९०, ८० आणि ६०. अंगरखा सर्वांत मोठ्या बोलीला, म्हणजे फायटरला जातो, आणि तो आपले १२० वजा करून ४८० देणे लागतो. त्यातून बाकीच्या चौघांचे हिस्से मिळून ३३० जातात आणि १५० शिल्लक राहतात. ती शिल्लक पाचही जणांत ३० प्रमाणे वाटली जाते. अखेरीस फायटरने ४५० दिले, मला १३० मिळाले, चोराला १२०, विझार्डला ११० आणि शाहिराला ९०. मला या हिशेबात जे आवडले ते असे, की ज्याने त्याने लावलेल्या मोलाच्या मानाने प्रत्येकाला आपल्या हिश्शापेक्षा ३० नाणी जास्त मिळाली, आणि यासाठी अंगरख्याची खरी किंमत किती यावर एकमत व्हावे लागले नाही.

मात्र फायटरजवळ रोख ८० नाणीच होती. येथे मला आमच्या कचेरीतली लिलाव भिशी आठवली. दहा जणांनी दोन हजार रुपये काढले की वीस हजार जमतात. ज्याला नड आहे तो तीन हजार सोडून सतरा हजार उचलतो, सोडलेले तीन हजार दहा जणांत तीनशे-तीनशे वाटले जातात, आणि उचलणारा पुढचे हप्ते मुकाट्याने भरत राहतो. आज ज्याला हवे आहे त्याने, थांबणाऱ्यांना मोबदला द्यायचा आणि तो पुढच्या कमाईतून फेडायचा, हीच आमची गरज होती. तेव्हा ठरले, की बोलीची रक्कम रोख नसेल तर ती पुढच्या वाट्यातून वळती व्हावी, तिला व्याज नसावे, आणि कोणाच्याही नावे एका वेळी ४०० पेक्षा जास्त देणे नसावे. फायटरच्या नावे ३७० पडले. अठराव्या सत्रात १,२४० नाणी आली, त्यातला त्याचा १८६ चा वाटा वळता झाला. एकोणिसाव्यात १,३०० आली आणि १९५ पैकी १८४ देऊन तो मोकळा झाला. उरलेल्या अकरा नाण्यांची त्याने आम्हा सर्वांना खानावळीत मेजवानी दिली.

पद्धतीतले दुखणे शाहिराने शोधले. त्याचा पहिला प्रश्न हा होता, की मला १३० आणि त्याला ९० का. उत्तर सरळ होते : त्याने अंगरख्याला कमी लेखले, म्हणून त्याचा हिस्साही कमी ठरला. त्याच्या मापाने त्याला रास्त हिश्शापेक्षा जास्तच मिळाले होते, पण दुसऱ्याच्या ताटाकडे पाहिले तर हेवा वाटावा असेच ते होते, आणि त्या हेव्यावर या पद्धतीत औषध नाही. घरी जाऊन त्याने हिशेब केला असणार, की फायटर ६०० लिहिणार हे ओळखून आपण ५५० लिहिले असते, तर आपला हिस्सा ११० झाला असता, शिल्लक १०० वर येऊन प्रत्येकी २० वाटली गेली असती, आणि आपल्या पदरात ९० ऐवजी १३० पडले असते. याबद्दल तो आमच्यापाशी अक्षर बोलला नाही.

विसाव्या सत्रात वाँड ऑफ मॅजिक मिसाइल्स ही जादूची कांडी सापडली तेव्हा विझार्ड आठशेच्या घरात जाणार असे गृहीत धरून शाहिराने ७०० लिहिले. विझार्डने ५५० लिहिले होते. मी ३००, चोराने २५० आणि फायटरने २००. कांडी शाहिराला पडली आणि त्याला ५०० नाणी द्यावी लागली, ज्यातली १७० विझार्डला, १२० मला, ११० चोराला आणि १०० फायटरला गेली. त्याच्याजवळ ३४० होती. १६० नावे पडली. विझार्डने तिथल्या तिथे ४०० नाण्यांना कांडी मागितली. तो सौदा झाला असता तर मिळालेले १७० वजा जाता विझार्डला ती निव्वळ २३० ला पडली असती, आणि शाहिराचे कर्ज फिटून १०० नाण्यांचाच तोटा राहिला असता. शाहिराने नकार दिला. आता तो प्रत्येक चकमकीत ती कांडी वापरतो, साध्या उंदरांवरसुद्धा.

आकडे फुगवण्याला आळा म्हणून बोली गुप्तच ठेवाव्यात, उघडूच नयेत, असे विझार्डचे म्हणणे होते. मी ते मानले नाही. चिठ्ठ्या सर्वांसमोर उघडल्या नाहीत तर वहीवर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा? शिवाय जो आकडा फुगवतो त्याच्या गळ्यात कधी तरी कांडी पडतेच. कर्ज असताना पात्र मेले तर काय, हेही बाविसाव्या सत्रात ठरवले : वस्तू पुन्हा बोलीला येईल आणि देणे बुडीत खाती जाईल. हा प्रश्न शाहिरानेच काढला होता, आणि तो काढताना डीएम ज्या तऱ्हेने हसले त्यानंतर त्याने तो ३०० नाण्यांचा हिरा माझ्याकडेच आहे ना, याची दोनदा खात्री करून घेतली.

तेविसाव्या सत्राच्या शेवटी फ्लेम टंग तलवार निघाली. ती कोणत्याही तलवारीच्या रूपात असू शकते, आणि ही रेपिअर (हलकी, टोकदार तलवार) असल्यामुळे फायटर आणि चोर दोघांचीही तिच्यावर नजर आहे. वेळ संपल्यामुळे चिठ्ठ्या लिहून पाकिटे डीएमच्या डब्यात ठेवली आहेत. शाहिराच्या नावे अजून ३५ शिल्लक आहेत, म्हणजे मर्यादेप्रमाणे त्याला ३६५ नाण्यांपर्यंतच नवे देणे करता येईल. निघताना त्याने आपले पाकीट परत मागितले; डीएमनी ते दिले नाही.