रविवारच्या कागदावरची एक ओळ

रविवार, रात्र

लग्नासाठी बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता म्हणून मिस्सा, म्हणजे रविवारची मुख्य उपासना, संपल्यावर चर्च ऑफिसात गेले. फादरांनी जुनं रजिस्टर काढलं, माझं नाव सापडलं, पुढच्या रकान्यात दृढीकरणाची, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराची नोंद. लग्न कुठल्याही चर्चमध्ये लागलं तरी तिथून कळवतात आणि ते याच ओळीपुढे लिहिलं जातं म्हणे. बघून कसंतरीच झालं, इतक्या वर्षांत किती फादर आले गेले आणि प्रत्येकाने ही वही सांभाळली.

बाहेर बोर्डावर मिस्साच्या हेतूंचा, म्हणजे कुठली मिस्सा कशासाठी आहे त्याचा कागद असतो ना, कुणाच्या आत्म्यासाठी, कुणाच्या परीक्षेसाठी, त्यात एक ओळ नेहमी असते, "पॅरिशमधल्या सर्व लोकांसाठी", पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली आम्ही सगळी माणसं. मला वाटायचं कुणी नाव दिलं नसेल तर लिहीत असतील. आज विचारलं. तर १९८३च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, कलम ५३४ आहे, दर रविवारी आणि सक्तीच्या सणांना पॅरिश प्रीस्टने एक मिस्सा आपल्या लोकांसाठी अर्पण करायचीच, आणि त्यासाठी कुणाकडून दान घ्यायचं नाही. म्हणजे मी चर्चला फिरकतही नव्हते त्या दोन वर्षांत दर रविवारी माझ्यासाठी मिस्सा होत होती!! मला पत्ताच नाही.

आम्ही मात्र फादरांबद्दल काय बोलतो, तर प्रवचन लांबलं, माईक खरखरतो, छताच्या कामाचा हिशोब कधी. हिशोब विचारावाच, त्यासाठी पॅरिशचे पैसे बघणारी फायनान्स कौन्सिल असते, पण तेवढ्यावरच माणूस मोजायचा हे मला पटत नाही.

पप्पा गेले त्या रात्री अडीच वाजता फोन केला होता. फादर आले, पप्पांच्या कपाळाला आणि हातांना तेल लावलं, प्रार्थना म्हटली आणि मग खुर्ची ओढून आईजवळ बसून राहिले, उजाडेपर्यंत, फारसं काही न बोलता. पप्पांनी आधी एकट्यात त्यांच्याजवळ कन्फेशन केलं, म्हणजे आपल्या चुका कबूल केल्या, तेव्हा आम्ही बाहेर उभे होतो. काय बोलले ते आम्हाला कधीच कळणार नाही, फादर मरेपर्यंत कुणालाही सांगू शकत नाहीत. पण नंतर पप्पांचा चेहरा निवला होता.

आता फादरांची बदली आलीय, बिशपांचं पत्र आज वाचून दाखवलं. आई मिस्साभर रडत होती.

पुढच्या महिन्यात नवीन फादर येतील आणि पहिल्याच रविवारी आमच्यासाठी मिस्सा करतील, आमच्यातल्या एकालाही न ओळखता. त्या दिवशी मी पुढच्या बाकावर बसणार आहे, आईला घेऊन.