मीठ वाटीत, समई चौरंगावर : आमची वाटचाल

जुन्या घरगुती वस्तू साफ करून, दुरुस्त करून, वास्तुशास्त्राप्रमाणे नव्या घरात मांडून द्यायच्या, हा आमचा धंदा. त्याची सुरुवात एका चुकीतून झाली आणि ती माझ्याच हातून झाली, म्हणून आधी तीच सांगते. २०१३ ला बडोद्याच्या दांडिया बाजारातला आमचा सासरचा वाडा विकला गेला आणि वाटणीत आमच्याकडे सासूबाईंच्या आजेसासूंची पितळी समई आली, पाच वातींची, वर मोर, कमरेएवढी उंच. जुनी वस्तू घरात घेताना तिच्यावरचं आधीचं सगळं उतरवून घ्यावं असं आपल्यात मानतात, किती जणांचे हात लागलेले असतात, कुठल्या घरात काय काय घडलेलं असतं, आणि मी हे मनापासून मानते. कुणीतरी म्हणालं रात्रभर खड्या मिठाच्या पाण्यात ठेव आणि वरून दोन लिंबं पिळ. ठेवली. सकाळी बाहेर काढली तर दांड्यावर आणि खालच्या तबकावर गुलाबी गुलाबी डाग, कितीही घासा, जाईनात, आणि आषाढ लागला तसे मोराच्या पायाशी फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके यायला लागले, पुसले की चार दिवसांनी परत हजर. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या, ते मला जास्त लागलं.

समई घेऊन मांडवीजवळच्या एका म्हाताऱ्या कंसाराकाकांकडे गेले, कंसारा म्हणजे आपले तांबट. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "बेन, मीठुं पित्तळने खाई जाय." मग नीट समजावलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आंबटात जास्त वेळ ठेवलं की जस्त आधी निघून जातं आणि उरलेलं तांबं वर दिसतं, तोच तो गुलाबी रंग. हिरव्या भुकटीचं कारण मीठ, ते धातूच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतं आणि हवेत दमटपणा आला की आतून धातू खात राहतं, वरून कितीही पुसा. मग आम्ही समई डिस्टिल्ड पाण्यात ठेवली, रोज पाणी बदलायचं, असं जवळजवळ तीन आठवडे, नंतर पूर्ण वाळवून वर मेणाचा पातळ हात. ठिपके थांबले. गुलाबी डाग अजून आहेत.

त्याच दिवसांत बाबा, म्हणजे माझे सासरे, जे रिटायर झाल्यापासून वास्तुशास्त्रच वाचत बसायचे, ते म्हणाले, "अगं, शुद्धी करायची म्हणून वस्तूला इजा कशाला? मीठ वाटीत ठेव, समई चौरंगावर ठेव, जे ओढायचं ते मीठ शेजारी बसूनही ओढेल." आमचा सगळा धंदा या एका वाक्यावर उभा आहे असं मी आजही सांगते.

तेव्हा रावपुरा, दांडिया बाजार, सगळीकडे वाडे पडत होते आणि माणसं गोत्री, वासणा रोड, मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये चालली होती. वाड्यातलं सामान टू बीएचकेत मावणार कसं, आणि मावलं तरी ठेवायचं कुठे, हा प्रत्येकाचा प्रश्न. सागवानी कपाटं, संखेड्याचे झोपाळे, पितळी हंडे, रविवर्म्याच्या छापाच्या लक्ष्मी-सरस्वती, लंबकाची घड्याळं. निम्मे लोक भंगारात द्यायला निघालेले, निम्मे घाबरलेले की जुनं घरात ठेवलं तर वाईट होईल. २०१४ च्या दसऱ्याला आम्ही तिघांनी सुरुवात केली. साफसफाई मी, दिशा बाबा, आणि लाकूडकाम एक सुतार मिस्त्री जे आजही आमच्याबरोबर आहेत. पहिल्या कामाचे पंधराशे रुपये मिळाले, त्यातले बाराशे टेंपोला गेले.

बाबांची पद्धत अशी की आधी घरात होकायंत्र घेऊन फिरायचं, मग भिंतींना हात लावून बघायचा. शास्त्र सांगतं जड वस्तू नैऋत्येला, ईशान्य हलकी आणि मोकळी, ब्रह्मस्थान म्हणजे घराचा मध्य रिकामा, आणि आम्ही तसंच करतो. पण आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येकडूनच येतो, त्या कोपऱ्यातली बाहेरची भिंत ओल धरते, आणि सागवानी कपाट भिंतीला चिकटवून ठेवलं तर चार महिन्यांत पाठीला बुरशी येते आणि मागून वाळवी. म्हणून कपाट नैऋत्येलाच, पण भिंतीपासून तीन इंच पुढे आणि पायांखाली लाकडी ठोकळे. बाबा म्हणायचे दिशा पाळली की वस्तूही पाळायला लागते. माझं मत थोडं कडक आहे, ज्या कोपऱ्यात वस्तू सडणार असेल तिथे ती ठेवू नये, शास्त्रालाही ते नको असणार.

आणि धुरी. कापूर, गुग्गुळ, कडुनिंबाचा पाला, सगळं करतो, पण तसबिरी आणि लाखेचं पॉलिश असलेलं लाकूड आधी दुसऱ्या खोलीत हलवून, कारण काजळी कागदात शिरली की निघत नाही. गोमूत्र, गंगाजल शिंपडायचं असेल तर जमिनीवर आणि चौरंगाभोवती. लाखेच्या पॉलिशवर पाणी राहिलं की पांढरा डाग पडतो, आणि कुणी तो स्पिरिटने पुसायला गेलं की पॉलिशच विरघळून येतं, अशी दोन टेबलं आमच्याकडे दुरुस्तीला आली आहेत. जुन्या छापाच्या तसबिरीची काच काढताना तर मी श्वास धरून बसते, कारण ओल लागलेला कागद काचेला चिकटलेला असतो, ओढला की देवीचा चेहरा काचेबरोबर येतो. तिथे घाई नाही. चिकटलेलं असलं तर तसंच ठेवून तज्ज्ञाकडे पाठवतो.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी चढली, ३७ फुटांच्या आसपास, धोक्याची पातळी २६, आणि अकोटा, समा, फतेगंज सगळीकडे पाणी घरात. आमचं कामाचं शेड वाचलं पण लोकांची कपाटं तीन तीन दिवस पाण्यात. फोनवर फोन, आणि प्रत्येकाने पहिलं काम काय केलं तर कपाट उन्हात ओढलं. ते करू नका हो. ओलं सागवान उन्हात वरून आखडतं, आत ओलंच असतं, मग फळी फाटते आणि सांधे सुटतात. सावलीत, खणं काढून, दारं उघडी ठेवून, पंख्याचा वारा लांबून, आणि दीड-दोन महिने धीर. त्या दिवाळीपर्यंत आम्ही एकोणीस कपाटं आणि सहा झोपाळे वाळवले. पुराचं पाणी लागलेल्या वस्तूची शांत करून द्या असं बहुतेकांनी सांगितलं आणि बाबांनी प्रत्येक घरी जाऊन केली, तब्येत बरी नसताना.

एक गोष्ट आम्ही करत नाही, जुन्या वस्तूंची विक्री. शंभर वर्षांवरच्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो, विक्रीला लायसन्स लागतं, देशाबाहेर नेता येत नाही, दगडी मूर्ती वगैरेंचं रजिस्ट्रेशन करावं लागतं. कुणी शेतात सापडलेली मूर्ती घेऊन आलं तर आम्ही हात लावत नाही, आधी कलेक्टर ऑफिसला कळवा म्हणतो.

कारेलीबागेतल्या एका काकूंचं घड्याळ मात्र सांगायचंच आहे. काका गेले त्या आठवड्यात बंद पडलेलं, अकरा वर्षं तसंच भिंतीवर. बंद घड्याळ घरात नको असं सगळ्यांनी सांगून झालेलं, आणि काकू ते उतरवू देईनात. बाबांनी वाद घातला नाही, म्हणाले चालू करून बघू. आत वाळलेलं तेल डिंकासारखं झालं होतं, ते साफ करून घेतलं आणि घड्याळ उत्तरेच्या भिंतीवर टांगलं. लेव्हल लावली तरी टिक आणि टॉकमधलं अंतर सारखं येईना, एक लांब एक आखूड, मिस्त्री अर्धा अर्धा सूत सरकवत होते आणि आम्ही सगळे गप्प उभे राहून ऐकत होतो. एका जागी ते बरोबर बसलं. काकू आतून म्हणाल्या, "आता बरोबर आहे, असंच वाजायचं."

किल्ली आठ दिवसांची आहे, मी त्यांना दर सोमवारी द्यायला सांगितलंय. बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांचं होकायंत्र आता माझ्या पर्समध्ये असतं, आणि या पावसाळ्याआधी शेडमध्ये डिह्युमिडिफायर बसवतोय, दोन कपाटं त्याच्या भरवशावर आत्ताच घेऊन ठेवली आहेत.